पॉवर बँक फुगलीये, वापरू का?

प्रश्न: दोन वर्षं जुनी २०००० एमएएचची पॉवर बँक आहे, काल टेबलवर ठेवली तर भोवऱ्यासारखी डुलायला लागली, नीट बघितलं तर मधोमध फुगलीये आणि कडेची फट उघडलीये. चार्ज मात्र मस्त होते. परवा विमानाने जायचंय, तेवढ्यापुरती चालेल ना?

उत्तर १: अजिबात नको! आतल्या लिथियम सेलमध्ये गॅस झालाय म्हणून फुगलीये, चार्ज होते म्हणजे ठीक आहे असं नसतं. दाबून बसवायला जाऊ नका, टाचणी तर मुळीच नको (आमच्या भावाने हा उद्योग केलाय, गादी जळाली, तो वाचला).

उत्तर २: +१. चार्जिंग बंद, उशी-पडद्यापासून लांब फरशीवर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, रोजच्या कचऱ्यात नाही. नवीन घेतलीत तर ती केबिन बॅगेतच, चेक-इन सामानात चालत नाही. लिमिट साधारण १०० वॉट-अवर, २०००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-अवर, गुणिले सेलचे ३.७ व्होल्ट, ७४ वॉट-अवर होते, म्हणजे बसते.

प्रश्नकर्ता: बाप रे, मी रात्रभर उशाशी लावून झोपायचो. आत्ताच गॅलरीत नेऊन ठेवली.

उत्तर १: ऊन येत असेल तर तिथेही नको, सावलीत सरकवा.