मदत हवी आहे: बातम्यांची साइट हॅक, बॅकअप टाकूनही झेंडा जात नाही

रात्रपाळी
साइट उघडली की काळा पडदा, झेंडा आणि 'विकाऊ मीडिया मुर्दाबाद'. वर्डप्रेस आहे. कालचा बॅकअप दोनदा टाकला, प्लगइन अपडेट केले, पासवर्ड बदलले. माझ्याकडे सगळं नीट दिसतंय, वाचकांचे झेंड्याचे स्क्रीनशॉट मात्र येतच आहेत. मतमोजणी चालू आहे, लवकर सांगा. 'आधी अपडेट ठेवायला हवं होतं' हे नंतर ऐकेन.

पोर्ट२२
सीडीएन (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) आहे का? त्याची कॅशे (साठवलेल्या जुन्या प्रती) साफ केली? झेंडा फक्त मुखपृष्ठावर की आतल्या बातम्यांवरही?
तोवर डब्ल्यूपी-सीएलआयने (वर्डप्रेसचं कमांड-लाइन साधन) कोअर आणि प्लगइनचे चेकसम जुळवा, म्हणजे मूळ फाइली बदलल्यात का ते कळेल. एमयू-प्लगइन्स (आपोआप चालू असणारी प्लगइन्स) फोल्डर डॅशबोर्डच्या नेहमीच्या यादीत दिसत नाही, ते हाताने उघडा. वेब सर्व्हरच्या युजरचा क्रॉनटॅब (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) बघा. फाइल साफ केली की दोन मिनिटांत परत लिहिणारी ओळ तिथे असते. बदललेल्या फाइली शोधताना एमटाइमवर (मजकूर बदलल्याची वेळ) जाऊ नका, ती तारीख मागे नेता येते. सीटाइम (फाइलच्या नोंदीत शेवटचा बदल झाल्याची वेळ) बघा.

सपाटपान
वर्डप्रेस सोडा, स्टॅटिक (आधीच तयार करून ठेवलेली) पानं करा. २०१७ मध्ये वर्डप्रेसच्या रेस्ट एपीआयच्या (बाहेरच्या प्रोग्रॅमना साइटशी बोलायचं दार) एका भोकातून लॉगिन न करता लोकांच्या पोस्ट बदलत होते, लाखो पानं गेली.

पोर्ट२२
ते भोक ४.७.० आणि ४.७.१ मध्ये होतं, ४.७.२ मध्ये बुजवलं. मतमोजणीच्या दिवशी साइट नव्याने बांधायला सांगताय?

सपाटपान
आज नाही म्हटलं. पण पीएचपीच (वर्डप्रेस ज्यात लिहिलंय ती भाषा) नसेल तर बदलणार काय?

रात्रपाळी
भांडण नंतर करा. सीडीएन नाही. कुठलीही लिंक उघडली तरी तोच झेंडा. चेकसम सगळे जुळले, क्रॉनटॅब रिकामा. सकाळपासून ऑफिसचे मेलही बंद आहेत, पण ते होस्टिंगवाला बघतोय, तो वेगळा विषय.

ठोकताळा
वेगळा कसला, तोच विषय आहे! साइट आणि मेल एकदम गेले म्हणजे आधी डीएनएस (डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी व्यवस्था) बघायचं. सर्व्हरला बहुधा कोणी हातही लावलेला नाही.

मोबाइल डेटावरून ८.८.८.८ ला (गूगलचा रिझॉल्व्हर, म्हणजे डीएनएसची उत्तरं शोधून देणारा सर्व्हर) तुमच्या डोमेनचे एनएस रेकॉर्ड (डोमेनचे पत्ते सांगणारे नेमसर्व्हर कोणते ते) विचारा. ऑफिसच्या रिझॉल्व्हरकडे जुनं उत्तर साठलेलं असणार, म्हणून तुम्हाला साइट नीट दिसते. मग झेंड्याच्या पानावर पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावर टिचकी मारून साइटच्या ओळखीचं प्रमाणपत्र कधी दिलंय ते वाचा.

ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियन इलेक्ट्रॉनिक आर्मी या हॅकर गटाने न्यूयॉर्क टाइम्सची साइट अशीच पाडली: रजिस्ट्रारच्या (डोमेनची नोंदणी करणारी कंपनी) एका रीसेलरचा (तिच्या वतीने डोमेन विकणारा) पासवर्ड फिशिंगने काढला आणि डीएनएस फिरवलं.

रात्रपाळी
नेमसर्व्हर आमचे नाहीत. प्रमाणपत्र आज पहाटेचं. रजिस्ट्रारला पासवर्ड रीसेट मागितला, मेल येत नाही.

ठोकताळा
खात्याचा मेल पत्ता त्याच डोमेनवरचा आहे ना? मग रीसेटची लिंक हल्लेखोराकडे जातेय. थांबवा ते. फोन करा, 'खातं गोठवा' म्हणा, मालकीची कागदपत्रं द्या, संपर्काचा मेल दुसऱ्या डोमेनवरचा लावून घ्या. डोमेन रीसेलरकडून घेतलं असेल तर त्याचंही खातं तपासायला लावा.

नेमसर्व्हर परत आले तरी झेंडा लगेच जाणार नाही. डॉट कॉमवर एनएसचा टीटीएल (उत्तर किती वेळ साठवायचं ती मुदत) १,७२,८०० सेकंद, म्हणजे ४८ तास. गूगल आणि क्लाउडफ्लेअरच्या रिझॉल्व्हरची कॅशे त्यांच्या पानावरून साफ करता येते. बाकीच्यांची वाट बघायची.

पोर्ट२२
आणि तोवर साइटवर कोणीही लॉगिन करू नका. डोमेन हल्लेखोराकडे असताना ज्यांनी पान उघडलं त्यांच्या लॉगिन कुकीज त्याच्या सर्व्हरला गेल्या असतील. पासवर्ड बदला, सॉल्टही (लॉगिन कुकीज बनवायच्या वर्डप्रेसच्या गुप्त किल्ल्या) बदला, म्हणजे सगळी जुनी सेशन मरतील. सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सी लॉगमध्ये (दिलेल्या प्रमाणपत्रांची जाहीर नोंदवही) तुमच्या नावाची अनोळखी प्रमाणपत्रं शोधून रद्द करून घ्या.

नवखा_ॲडमिन
लॉगिन पानाचा पत्ता बदलला तर हे थांबेल ना? प्लगइन सुचवू का?

सपाटपान
डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल सही) लावलं असतं तर हे झालंच नसतं.

ठोकताळा
रजिस्ट्रारचं खातंच हातात असलेला डीएस रेकॉर्डही (डीएनएससेकची रजिस्ट्रीकडची नोंद) काढून टाकतो. हवंय ते रजिस्ट्री लॉक, म्हणजे डॉट कॉमसारख्या शेवटाची मूळ यादी सांभाळणाऱ्या संस्थेचं (रजिस्ट्रीचं) कुलूप. हूइजमध्ये (डोमेनची जाहीर माहिती) 'क्लायंट' ने सुरू होणारं कुलूप खात्यातून उघडतं, 'सर्व्हर' ने सुरू होणारं फक्त रजिस्ट्री उघडते.

रात्रपाळी
खातं गोठवलं. नेमसर्व्हर बदलायला तासभर म्हणतायत. तोवर निकाल कुठे टाकू?

पोर्ट२२
समाजमाध्यमांवर. पण त्या खात्यांचे रीसेट मेलही ऑफिसच्याच पत्त्यावर येतात का, ते आधी बघा.