बेट्यासोबत गप्पी? माझं मत नाही असंच

२० लिटरच्या माशांच्या टाकीत नर बेट्यासोबत (म्हणजे फायटर माशासोबत) गप्पी हे छोटे मासे सोडू का, असं तुम्ही विचारलंय. कृपया सोडू नका. गप्पीच्या नराची रंगीत, झुलती शेपटी बघून बेट्याला तो प्रतिस्पर्धी नरच वाटतो. थायलंडमध्ये पिढ्यान् पिढ्या हा मासा झुंजीसाठी पैदास केलेला आहे, त्यामुळे हद्द राखणं त्याच्या रक्तातच आहे. गुरामी मासा तर त्याचाच भाऊबंद, तोही नको. टायगर बार्ब या माशाचं उलटं: तोच बेट्याच्या परांचे लचके तोडतो.

तुमच्या प्रश्नावर कुणीतरी 'बेट्याची मादी सोबत ठेवा' असं सुचवलंय, ते मला अजिबात पटलं नाही. अंडी देण्यापुरती भेट संपली की नर तिला जीव जाईपर्यंत पिटाळतो.

एवढ्या टाकीत नेराइट गोगलगाय चालेल. कोरीडोरस मासे तळाशी राहतात, स्वभावाने गरीब, पण त्यांना सहाजणांचा कळप लागतो आणि त्यासाठी निदान ५०-६० लिटर पाणी हवं. तेव्हाही झाडं दाट लावा, आधी कोरीडोरस सोडा आणि बेटा सगळ्यात शेवटी, म्हणजे त्याला आयती हद्द मिळत नाही. तरी एखादा बेटा कुणालाच खपवून घेत नाही. म्हणून रिकामी दुसरी टाकी हाताशी असू द्या.