उन्हाळी सुट्टीतली पत्रकारिता-प्रसारण कार्यशाळा: नववीतल्या मुलीसाठी कशी निवडावी?

अबोली
नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी नेमाने लिहिते, आणि हल्ली फोनवर लोकांच्या मुलाखती रेकॉर्ड करून, स्वतःच कापून-जोडून आम्हाला ऐकवते. हौस वरवरची वाटत नाही, म्हणून येत्या सुट्टीत तिला चांगल्या कार्यशाळेत घालायचं मनात आहे. माहितीपत्रकं बरीच गोळा केली. जवळपास प्रत्येकात स्टुडिओत बसलेल्या मुलांचे फोटो, व्यक्तिमत्त्व विकासाची हमी आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र. काही आठवडाभराच्या, काही निवासी, काही ऑनलाइन. फीमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर. खरं काम कुठे होतं हे बाहेरून ओळखायचं कसं? आणि सुरुवात लेखनापासून करावी, रेडिओ-पॉडकास्टपासून की थेट कॅमेऱ्यापासून? ज्यांनी मुलांना पाठवलंय किंवा जे या क्षेत्रात आहेत त्यांनी जरूर लिहा.

उपसंपादक
अबोलीताई, आयोजकांना फोन करा आणि विचारा: मुलांची कॉपी, म्हणजे त्यांनी लिहिलेला बातमीचा मजकूर, कोण तपासतं, आणि तपासलेली कॉपी पुन्हा लिहायला मुलाकडे परत येते का? या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं तर पुढचं बोला. मुलं पत्रकारिता शिकतात ती याच टप्प्यावर. व्याख्यानं नंतरही ऐकता येतात.

हे घडतं कसं ते सांगतो. मुलं हमखास अशी सुरुवात करतात: 'आमच्या शाळेत काल ग्रंथालयासंदर्भात एक महत्त्वाची बैठक उत्साहात पार पडली.' चांगला संपादक विचारतो, बैठकीत ठरलं काय? मूल म्हणतं, पुढच्या महिन्यापासून ग्रंथालय संध्याकाळी सहापर्यंत उघडं राहणार. मग तीच बातमी, तोच इंट्रो, म्हणजे बातमीचं पहिलं वाक्य. पुढचा प्रश्न: हे कुणी सांगितलं? सगळ्या इयत्तांना लागू आहे का? आधी किती वाजता बंद व्हायचं? ग्रंथपालांना जास्त वेळ थांबावं लागणार, त्यांचं म्हणणं काय? मूल वही घेऊन पुन्हा बाहेर पडतं. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की 'उत्साहात पार पडली' हे शब्द त्याच्या कॉपीत परत येत नाहीत. चाळीस मुलांमागे एक मार्गदर्शक असेल तर हे होणं शक्यच नाही, म्हणून बॅच किती जणांची हेही विचारा.

फीवरून दर्जा ठरवू नका. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या मेडिल पत्रकारिता विद्यालयाची शालेय विद्यार्थ्यांसाठीची निवासी उन्हाळी कार्यशाळा १९३४ पासून चालू आहे, तिला फी आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाचा उन्हाळी पत्रकारिता उपक्रम २००२ मध्ये सुरू झाला तो कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी, आणि तो मोफत आहे. तिथली मुलं स्वतः वार्तांकन करून वृत्तपत्र काढतात. मोफत म्हणजे हलकं, असा समज बाजूला ठेवा.

कानसेन
उपसंपादकांना अनुमोदन. माझा अनुभव रेडिओचा, आणि मी सुरुवात आवाजापासूनच करायला सांगेन. तुमची मुलगी आधीच ते करतेय, मग ते सोडून कॅमेऱ्याकडे वळवू नका.

आवाजात लपायला जागा नसते. वाक्य लांबलं की श्वास तुटतो आणि ते लगेच ऐकू येतं. कानासाठी लिहायचं म्हणजे छोटी वाक्यं, आकडे कमी, माणूस कोण हे आधी आणि तो काय म्हणाला हे नंतर. ऐकणाऱ्याला मागचं वाक्य पुन्हा वाचता येत नाही, हे मुलांना एकदा समजलं की त्यांचं छापील लेखनही सुधारतं.

कार्यशाळेत हे शिकवतात का बघा: माइक तोंडापासून वीतभर आणि जरासा तिरपा धरणं, म्हणजे 'फ' आणि 'भ' वर हवेचा फटका बसत नाही. रेकॉर्डिंग चालू असताना कानाला हेडफोन. मुलाखत संपल्यावर त्याच जागेची अर्धा मिनिट निव्वळ शांतता टिपून ठेवणं. हे फार कमी ठिकाणी सांगतात आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पंख्याची घरघर, रस्त्याचा दूरचा आवाज. दोन बाइट, म्हणजे मुलाखतीतले बोलण्याचे तुकडे, जोडताना मध्ये तीच शांतता घातली नाही तर जोड कानाला खटकतो.

स्पर्धा आणि उपक्रमांकडेही लक्ष ठेवा. बीबीसीने २००७ पासून 'स्कूल रिपोर्ट' नावाचा उपक्रम चालवला. शाळेतली मुलं स्वतः बातम्या तयार करायची आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेच्या आत द्यायची. ती डेडलाइन फार मोलाची. ज्या कार्यशाळेत रोज संध्याकाळी काहीतरी 'ऑन एअर' जातं, मग भले ते त्याच इमारतीतल्या स्पीकरवर का असेना, तिथे मुलं झपाट्याने शिकतात.

अबोली
दोघांचेही मनापासून आभार. कॉपी परत येते का, हे मला सुचलंच नसतं. पण तिला टीव्हीचंही तितकंच आकर्षण आहे. 'अँकरिंग' असं ठळक लिहिलेल्या कार्यशाळा टाळाव्यात का?

तिपाई
मी कॅमेरा करतो, म्हणून या भागावर लिहितो. अँकरिंग वाईट नाही. पण टेलिप्रॉम्प्टरवर, म्हणजे कॅमेऱ्यासमोर मजकूर सरकवणाऱ्या पडद्यावर, सगळ्यांना एकच तयार स्क्रिप्ट वाचायला देऊन व्हिडिओ हातात ठेवत असतील तर जाऊ नका. मुलाने स्वतः आणलेली, स्वतः लिहिलेली बातमी त्यानेच वाचली पाहिजे.

चांगल्या जागी मुलांच्या जबाबदाऱ्या फिरत्या असतात. आज रिपोर्टर, उद्या कॅमेरा, परवा एडिट, मग रनडाउन, म्हणजे बुलेटिनमधल्या बातम्यांचा क्रम, सांभाळायचं. चारही कामं करून बघितलेलं मूल पुढे कुठल्याही टीममध्ये नीट वागतं, कारण समोरच्याला काय लागणार ते त्याला माहीत असतं.

शूटिंगचं मूळ शिक्षण अगदी साधं आहे. समजा सायकल दुरुस्त करणाऱ्यावर स्टोरी आहे. आधी त्याचे हात, मग चेहरा, मग दुकानासकट तो, मग त्याच्या खांद्यावरून दिसणारं चाक, आणि शेवटी एखादा वेगळा कोन, जमिनीलगतचा वगैरे. प्रत्येक शॉट निदान दहा सेकंद, कॅमेरा न हलवता. एवढं हाताशी असलं की एडिटला बसल्यावर बाइटवर टाकायला दृश्यं कमी पडत नाहीत. हे फोनवरही होतं. कार्यशाळेत महागडे कॅमेरे आहेत पण एका कॅमेऱ्याभोवती पंधरा मुलं उभी आहेत, त्यापेक्षा प्रत्येकाच्या हातात फोन बरा.

शाळामास्तर
अजून एक बाजू राहतेय. मुलं अठराच्या आतली आहेत. त्यांचं नाव, चेहरा, आवाज कुठे प्रसिद्ध होणार आणि किती काळ राहणार, हे लेखी विचारा. बाहेर वार्तांकनाला नेतात तेव्हा सोबत मोठं माणूस असतं का? निवासी असेल तर रात्री जबाबदार कोण? हे विचारताना संकोच करू नका. जबाबदार आयोजकांकडे याची उत्तरं तयार असतात.

आणि नीतीचा तास नावापुरता आहे की कामात मुरलेला, तेही बघा. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ प्रोफेशनल जर्नलिस्ट्सच्या आचारसंहितेत चार मुख्य तत्त्वं आहेत: सत्य शोधून मांडा, हानी कमीत कमी होऊ द्या, स्वतंत्रपणे काम करा, उत्तरदायी आणि पारदर्शक राहा. त्यातल्या हानीच्या कलमात अल्पवयीनांबाबत विशेष संवेदनशीलतेचा उल्लेख आहे. मुलं बहुतेकदा आपल्याच वयाच्या मुलांच्या मुलाखती घेतात. समोरचा मित्र घरचं काहीतरी बोलून गेला तर ते वापरायचं का, त्याला पुन्हा विचारायचं का, यावर वर्गात खरी चर्चा झाली पाहिजे. फोटो मूळ कुठला हे इंटरनेटवर त्या फोटोवरूनच उलट शोधून तपासणं, एआयने लिहून घेतलेला मजकूर चालणार की नाही, याचे नियमही पहिल्याच दिवशी स्पष्ट हवेत.

पहिलीबायलाइन
मी अकरावीच्या आधीच्या सुट्टीत अशा कार्यशाळेला गेले होते, आता याच विषयात पदवी करतेय. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते अनोळखी माणसाला फोन करून स्वतःची ओळख देणं. 'मी अमुक, तमुक उपक्रमासाठी बातमी करतेय, दोन मिनिटं बोलू शकाल का, आणि तुमचं नाव वापरलं तर चालेल का?' हे वाक्य मार्गदर्शकांनी आमच्याकडून घोटून घेतलं होतं. समोरून नकार आला तर आभार मानून पुढच्या माणसाकडे वळायचं, हेही.

ऑनलाइनबद्दल: लेखन आणि ऑडिओसाठी चालेल, बॅच लहान असेल आणि गृहपाठ म्हणून बाहेर जाऊन माणसांशी बोलायला लावत असतील तर. व्हिडिओसाठी मात्र प्रत्यक्षच. आणि ताई, नववीला दूरची निवासी कार्यशाळा घाईची वाटते. घरून येऊन-जाऊन करता येणारी आठवड्याची पुरेशी आहे. पुढच्या वर्षी तिला स्वतःलाच कळेल काय हवंय.

उपसंपादक
ऑनलाइनच्या मुद्द्यावर थोडा वेगळा विचार मांडतो. कॉपी समोर बसून तपासण्यात जे घडतं ते पडद्यावर अर्धंच पोचतं. मूल कुठे अडखळलं ते चेहऱ्यावर दिसतं. पण जवळपास काहीच चांगलं नसेल तर पहिलीबायलाइन यांनी सांगितलेल्या अटींसह ऑनलाइन जरूर घ्या. निवासीबद्दल पूर्ण सहमत.

अबोली
आज दोन ठिकाणी फोन केला. कॉपीचा प्रश्न विचारल्यावर एकीकडून 'आमचे सगळे प्रशिक्षक अनुभवी आहेत' एवढंच ऐकायला मिळालं. दुसरीकडे बाई खुलून बोलल्या: बारा मुलं, दोन संपादक, रोज दुपारी कॉपी परत, संध्याकाळी दहा मिनिटांचं ऑडिओ बुलेटिन. येऊन-जाऊन आहे. लेकीला दोन्ही संवाद सांगितले, तिने लगेच दुसरी निवडली. आता त्यांनी अर्जासोबत लेखनाचा एक नमुना मागितलाय. तिच्याकडे निबंधस्पर्धेतला बक्षीस मिळालेला निबंध आहे, आणि भित्तिपत्रकातली पाणपोईच्या नळांवरची छोटी बातमी. कुठलं पाठवावं?

उपसंपादक
बातमी. त्यात ती किती जणांशी बोलली होती?

अबोली
शिपाईकाका, मुख्याध्यापिका आणि सातवीतली दोन मुलं.

उपसंपादक
मग तीच पाठवा, जशी छापली तशीच. तुम्ही दुरुस्त करू नका.

कानसेन
आणि त्या मुलाखतींचं रेकॉर्डिंग असेल तर त्यातलं मिनिटभराचं सोबत जोडा. अर्जात मागितलं नसलं तरी ऐकतील.