पिकअपचं डिझेल इंजिन: जुनं जास्त टिकते का नवीन?

संत्रावाला वरुड
राजेहो, माह्याजवळ 2008 ची पिकअप आहे, साध्या पंपाची. 3 लाख 80 हजार किलोमीटर झाले, अजून हेड उघडलं नाई. संत्र्याच्या सीझनमधी नागपूरच्या कळमना मंडईले रोज फेरी, क्रेट वरपर्यंत. अन् भावानं नवीन बीएस-6 (धुराच्या नव्या नियमाची) घेतली तर सहा महिन्यात डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा लाइट लागला, गाडी चढावर उचलेना, माल अर्ध्या रस्त्यात उन्हात. माहं मत सरळ आहे, 1 एप्रिल 2020 नंतरच्या या बीएस-6 गाड्या खेड्यासाठी बनल्याच नाई. सेन्सर जितके कमी तितकं इंजिन टिकते.

वणीकर ट्रान्सपोर्ट
नाई पटलं भाऊ. आमच्याकडं तशाच चार होत्या, त्यातल्या तिघींचं इंजिन काम दोन लाखाच्या आतच निघालं, लायनर-पिस्टन सगळं. तुमची टिकली ती दिसते, ज्या भंगारात गेल्या त्या कोणाले दिसतात? डिझेलमधलं सल्फर पहिले 50 पीपीएम होतं, आता 10 आहे, सल्फर कमी म्हणजे ऑइलमधी अॅसिड कमी, म्हणजे बेअरिंग अन् लायनरले आरामच ना. आमची 2021 ची दीड लाख चालली, ऑइल खात नाई.

दूधगाडी दारव्हा
वणीकर, तुमची गाडी हायवेवर चालते म्हणून. माही पाच गावं फिरते, दर दोन किलोमीटरवर थांबा, कॅन चढवा, इंजिन चालूच. फिल्टरमधली काजळी जळायले 600 डिग्रीच्या आसपास गरमी लागते, ती अशा चालीत येतच नाई. मले तर डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं!

गॅरेजवाला यवतमाळ
दूधवाले भाऊ, ते वाढलेलं ऑइल नाई, डिझेल आहे. काजळी जाळायले गाडी जास्तीचं डिझेल सोडते, तुम्ही मधातच चाबी बंद केली की ते पिस्टनच्या रिंगवरून खाली ऑइलच्या चेंबरमधी उतरते अन् ऑइल पातळ होते. तसंच चालवलं तर बेअरिंग जातील, आजच ऑइल बदला. लाइट दिसला की 20 मिनिटं मोकळ्या रस्त्यावर एका चालीत चालवा. अन् ऑइल कमी राखेचंच टाका, काजळी जळते पण राख जळत नाई, ती फिल्टरमधी कायमची बसते.

पण माह्या गॅरेजमधी जितके इंजिन उघडले त्यात नवं-जुनं यापेक्षा धूळ अन् पाणी यांनीच जास्त मारले. पांदणीतून कापूस आणतात, एअर फिल्टर झटकून झटकून तोच लावतात, पाइपची क्लिप ढिली, मंग धूळ सरळ सिलिंडरमधी, रिंग घासल्या, ब्लोबाय सुरू, म्हणजे जळलेला गॅस रिंगवरून खाली निसटते. अन् मे महिन्यात 45 डिग्रीत कूलंट कमी झालं की बोअरचं पाणी ओततात! त्या पाण्याचा क्षार आत बसते, इंजिन तापते, हेड गॅसकेट उडते. हे 2008 च्या गाडीतही होते अन् 2024 च्याही.

संत्रावाला वरुड
भाऊ, धुळीचं अन् पाण्याचं कबूल. मी स्वतः कूलंटशिवाय काही टाकत नाई, कदाचित म्हणूनच टिकली. पण माहा मुद्दा सुटला नाई. माही गाडी बंद पडली तर गावातला मिस्त्री कडुनिंबाखाली पंप उतरवून देते, संध्याकाळी माल मंडईत. भावाच्या गाडीले स्कॅनर लावायसाठी टोइंग करून शहरात न्यावं लागलं, चार दिवस गेले, तेवढ्यात अंबिया बहाराचा भाव कुठच्या कुठं. शेतकऱ्यासाठी टिकणं म्हणजे हेही आलं.

वणीकर ट्रान्सपोर्ट
चार दिवसाचं नुकसान खरं आहे, त्यावर वाद नाई. पण तो दोष तालुक्याले स्कॅनरवाला मिस्त्री नाई याचा आहे, इंजिनचा काऊन?

दूधगाडी दारव्हा
गॅरेजवाले भाऊ, आताच पाहून आलो. क्लिप खरंच ढिली होती अन् पाइपच्या आतून बोट फिरवलं तर माती. उद्या दूध टाकून झालं की ऑइल बदलायले घेऊन येतो.