इन्सर्टच्या भंगारातलं टंगस्टन कोल्हापुरातच काढावं का?

शिरोलीकर: आमच्या सीएनसी मशीनशेजारी (कॉम्प्युटरवर धातू कापणारं मशीन) पत्र्याचा डबा असतो. इन्सर्ट म्हणजे कापायच्या टूलला लावायचा कार्बाईडचा छोटा तुकडा; त्याचे चारही कोपरे झिजले की तो डब्यात. डबा दिसायला एवढासा, पण उचलताना मनगट दुखतं. कार्बाईड, म्हणजे कोबाल्टनं सांधलेली टंगस्टन-कार्बनची पूड, लोखंडाच्या जवळपास दुप्पट जड. भंगारवाला किलोवर नेतो. पुढं कुठं जातं विचारलं, की “बाहेरची पार्टी हाय.” केंद्रानं 2023 साली 30 महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली, त्यात टंगस्टन आणि कोबाल्ट दोन्ही आहेत. फेब्रुवारी 2025 पासून चीननं टंगस्टनच्या निर्यातीवर परवान्याची अट घातलीय. हुपरीवाले चांदीच्या कामातली धूळसुद्धा सोडत नाहीत. मग शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या एमआयडीसींतला माल गोळा करून इथंच प्लांट का नको?

पंचगंगाकाठ: नको. टंगस्टन वितळतं 3,422 अंशांना, म्हणजे तुमच्या भट्टीचं काम नव्हे. रसायनानंच काढणार ना? अल्कली, ॲसिड, अमोनिया. ते पाणी कुठं सोडणार? पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच बघितलाय आम्ही.

शिरोलीकर: झिंक प्रोसेसला ही रसायनं लागत नाहीत, भावा. 900 अंशांच्या आसपास वितळलेलं जस्त कोबाल्टमध्ये शिरतं, तुकडा फुगतो. मग व्हॅक्यूममध्ये जस्त उडवून परत धरायचं. उरतं ते भुसभुशीत ढेकूळ, कुटलं की पावडर.

हुपरीची लेक: हुपरीचा दाखला जरा जपून द्या, दादा. ॲसिडचा तांबूस धूर गल्लीत आला की आई खिडक्या लावून घ्यायची. आणि चांदीचा भाव गुजरीत, सराफ बाजारात, रोज कळतो. कार्बाईडचा भाव भंगारवाल्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?

उद्यमनगरचा नाना: ताईंचं बरोबर आहे. शिवाय झिंक प्रोसेसमध्ये जे घालशील तेच बाहेर येतं, शुद्ध होत नाही. आमच्या डब्यात परवा काय निघालं? एचएसएसची (हाय-स्पीड स्टीलची) तुटकी ड्रिलं, ब्रेझिंगची टूलं (स्टीलच्या दांड्याला कार्बाईडचं टोक डाखलेली), दोन बोल्ट आणि माव्याची पुडी! त्याची पावडर कोण घेणार? आधी डबे वेगळे करा, प्लांटचं मग बघू. खरं नुकसान तर टूल ग्राइंडिंगच्या, म्हणजे टूलांना धार लावतानाच्या, गाळात आहे. कूलंटबरोबर (थंड ठेवायला सोडलेल्या द्रवाबरोबर) सगळी बारीक पूड जाते, आणि वाळली की कोबाल्टची तीच धूळ पोरांच्या छातीत.

शिरोलीकर: काल निवडलं, नाना. ब्रेझिंगची टूलं बाजूला, नुसती इन्सर्ट वेगळी. भंगारवाला म्हणतो, रेट तोच.

उद्यमनगरचा नाना: मग देऊ नको त्याला. माझंही ठेवलंय. आठ-दहा शॉपचं एकत्र झालं तर थेट रिसायकलरशी बोलता येईल. माल जाऊ दे की बाहेर, पैसा इथं आला म्हणजे झालं.

पंचगंगाकाठ: याला माझी हरकत नाही. पण त्या गाळाचं काय करताय?

शिरोलीकर: सध्या बॅरलमध्ये भरून शेडमागं ठेवलाय.

पंचगंगाकाठ: वर झाकण आहे का? पाऊस तोंडावर आलाय.