देवाला दिलेला शब्द मोडला, आता फेडायचाच का?

मोहरीचा_दाणा:
प्रभूमध्ये सलाम. बरेच दिवस मनात आहे ते लिहितेय. सहा वर्षांपूर्वी मुलगा आयसीयूत होता, तेव्हा बाहेर बाकड्यावर बसून मी देवाला शब्द दिला की पोरगा वाचला तर आयुष्यभर पगाराचा दशांश तुझा. पोरगा वाचला. चार वर्षं दिला पण. मग आईचं डायलिसिस सुरू झालं, लोन काढलं, आणि दशांश कधी बंद पडला कळलंच नाही, म्हणजे कळलं, पण मी तिकडे बघितलं नाही. माझं मत विचाराल तर शब्द म्हणजे शब्द. बायबलमधल्या उपदेशक 5 मध्ये सरळ आहे की नवस करून न फेडण्यापेक्षा तो न केलेलाच बरा. लोनचा हप्ता चुकला तर मला झोप लागत नाही आणि देवाचा चुकवून दोन वर्षं मी झोपतेय, याची लाज वाटते. तुम्हाला काय वाटतं?

दुसरा_मैल:
ताई, राग मानू नका पण मला हे अजिबात पटत नाही. पोरगा तुमच्या दशांशामुळे वाचला असं खरंच वाटतं का तुम्हाला? मग ज्या आईने तेवढाच कळवळून नवस केला आणि तिचं लेकरू गेलं, तिला आपण काय सांगणार, की तिची बोली कमी पडली? घाबरलेल्या माणसाने काढलेला तो हुंदका होता, करार नव्हता. आणि येशूने मत्तय 5 मध्ये शपथच वाहू नका म्हटलंय, होय तर होय, नाही तर नाही. कृपेला हप्ते नसतात.

पहाटेचा_पहारा:
मत्तय 5 चा नेहमी अर्धाच अर्थ सांगितला जातो. त्या काळी लोक स्वर्गाची, यरुशलेमची, स्वतःच्या डोक्याची शपथ घ्यायचे आणि मग ही बांधील, ती नाही असे फाटे फोडायचे. येशूने ती पळवाटच बंद केली. म्हणजे तुझा साधा ‘हो’ सुद्धा शपथेइतका वजनदार पाहिजे. हे सोपं झालं की अवघड? जुन्या करारात बघा, गिबोनी नावाच्या परक्या लोकांनी इस्राएलचा पुढारी यहोशवा याला चक्क फसवून करार करून घेतला, तरी तो पाळावा लागला, आणि पुढे शौल राजाने तो मोडला म्हणून त्याच्यानंतरच्या दावीद राजाच्या काळात तीन वर्षं दुष्काळ पडला. फसवणुकीतून दिलेला शब्द जर टिकतो तर भीतीतून दिलेला का नाही?

दुसरा_मैल:
मग इस्राएलच्या इफ्ताह सरदाराचं काय? लढाई जिंकलो तर घरातून जे पहिलं बाहेर येईल ते होम म्हणून अर्पण करीन म्हणाला आणि एकुलती एक मुलगी नाचत बाहेर आली. तिचं नक्की काय झालं यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत ते माहीतेय मला, पण शब्द म्हणजे शब्द हे तत्त्व कुठे जाऊन पोचतं ते शास्ते 11 मध्ये दिसतंच की. हेरोद राजाने पण नाचणाऱ्या मुलीला मागशील ते देईन म्हणून दिलेला शब्द पाळला, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं तबकात आलं!

उघडी_खिडकी:
आमच्या कॅथलिक चर्चमध्ये याचा नीट विचार झालाय म्हणून सांगते. 1983 च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या संहितेत, नवस म्हणजे विचारपूर्वक आणि स्वेच्छेने देवाला दिलेलं वचन. कुणी दमदाटी करून अन्यायाने भीती घालून करवून घेतलेला नवस रद्दच. पण आजारपणाची भीती त्यात येत नाही असं मला वाटतं, ती कुणी घातलेली नसते. तरी परिस्थिती मुळातच बदलली तर नवस संपू शकतो, आणि धर्मगुरू योग्य कारण असेल तर सूटही देऊ शकतात. म्हणजे आपणच आपल्याला माफ करून टाकायचं नाही, जाऊन विचारायचं. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरचं बघा, 2 जुलै 1505 ला विजेच्या कडकडाटात घाबरून संन्यासी व्हायचा नवस केला, मित्र नको म्हणत होते तरी दोन आठवड्यांत मठात गेला. नंतर 1521 मध्ये त्यानेच मठाच्या नवसांविरुद्ध लिहिलं आणि 1525 ला लग्न केलं. तो अविश्वासू होता की प्रामाणिक, हे तुम्ही कोणत्या चर्चमध्ये वाढलात त्यावर ठरेल बहुतेक.

पहाटेचा_पहारा:
त्याने निदान वीस वर्षं झगडून ठरवलं. आपण पहिल्याच अडचणीत ‘देव समजून घेईल’ म्हणतो, त्याला माझा विरोध आहे.

निळं_आभाळ:
सगळेच एक विसरताय, आईचं डायलिसिस. मार्क 7 वाचा. लोक म्हणायचे की आईबापांना द्यायचं होतं ते ‘कुर्बान’ केलं, म्हणजे देवाला दिलं, आणि त्या नवसाच्या नावाखाली आईबापांना उघड्यावर टाकायचे. येशू त्यावर केवढा चिडलाय! ताईने आईचे उपचार थांबवून दशांश दिला असता तर ती विश्वासू ठरली असती का? माझ्या मते दोन वर्षं तो पैसा देवाकडेच गेलाय.

मोहरीचा_दाणा:
हे वाचून रडले. पण खरं सांगू का, सगळा पैसा आईवर नाही गेला. फिरायला गेलो, फोन घेतले. तेवढं मला माहीत आहे आणि देवालाही. लेवीय 27 आत्ता परत वाचलं, तिथे नवस करणाऱ्याची ऐपत नसेल तर याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे किंमत ठरवावी असं आहे. म्हणजे माफी पण नाही आणि गळा दाबणं पण नाही. रविवारी पाळकांशी बोलणार, जमेल तेवढ्याने सुरू करणार.

दुसरा_मैल:
करा. मला अजून पटलेलं नाही. येशूचा शिष्य पेत्र, त्याने मरेपर्यंत सोडणार नाही म्हणून येशूला शब्द दिला, रात्रीत तीनदा मोडला, आणि नंतर प्रभूने शब्द का मोडलास असं एकदाही विचारलं नाही, प्रेम आहे का एवढंच तीनदा विचारलं. एक विनंती, हा नवस मुलाला सांगू नका. आपल्या जिवाचे पैसे आई अजून फेडतेय असं त्याला वाटायला नको.

मोहरीचा_दाणा:
नाही सांगितलेलं. यात तुमचं बरोबर आहे, नाही सांगणार.