ताऱ्याची कंपनं मिळाली तर स्पेक्ट्रम कशाला लागतो?

कृष्णाकाठ: सांगलीत एमएस्सी फिजिक्स करतोय, प्रोजेक्टला सूर्यासारख्या ताऱ्यांची कंपनं घेतलीत. सर म्हणतात नुसत्या कंपनांवर भागत नाही, स्पेक्ट्रम, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगारंगांत वेगळा करून, तो पण पाहिजेच. का?

अजिंक्यतारा_सातारा: सर बरोबर सांगतायत. सूर्य साधारण ५ मिनिटांच्या लयीत थरथरतो, पृष्ठभागाखालची उकळी त्याला सतत हलवत असते. कंपनांच्या फ्रिक्वेन्सी ओळीनं जवळपास सारख्या अंतरावर येतात, ते मोठं अंतर, सूर्यासाठी १३५ मायक्रोहर्ट्झच्या आसपास, त्यावरून ताऱ्याची सरासरी घनता कळते आणि अगदी जवळजवळच्या फ्रिक्वेन्सींच्या जोड्यांमधल्या लहान अंतरावरून गाभ्यात हायड्रोजन किती संपलाय ते, म्हणजे वयच की. पण तापमान किती, लोह वगैरे किती, हे स्पेक्ट्रममधनंच येतं, ते नसलं की ताऱ्याचं गणिती मॉडेल भलतंच वय देतं.

मिरजकर: १६ सिग्नी ही सूर्यासारख्या दोन ताऱ्यांची जोडी घे ना, नासाच्या केपलर अवकाश दुर्बिणीचा डेटा फुकट मिळतो. दोन्ही ताऱ्यांचं वेगवेगळं काढलं तरी वय ७ अब्ज वर्षांच्या जवळपासच येतं, लय भारी वाटतं बघ!

कृष्णाकाठ: पण केपलरचं ताऱ्याच्या उजेडाचं रीडिंग दर अर्ध्या तासाला ना? ५ मिनिटांची लय कशी दिसणार त्यात?

अजिंक्यतारा_सातारा: शॉर्ट केडन्सच्या फायली घे, त्यात साधारण दर मिनिटाला एक रीडिंग आहे.